जातींची शिरगणती आणि समाजाचे शास्त्र

जनगणनेत सर्व जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आणि त्याच वर्षी जून महिन्यात निघालेल्या अधिसूचनेने या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन मुक्रर केला. १९३१ च्या खानेसुमारीनंतर सर्व जातींचे देशव्यापी आकडे प्रसिद्धच झालेले नाहीत. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणीत माहिती गोळा झाली होती, परंतु तिच्यातील जातींचे आकडे सरकारने लोकांपुढे ठेवले नाहीत. मंडल आयोगाची नेमणूक १९७९ साली जनता सरकारने केली. त्या आयोगालाही १९३१ च्या आकड्यांवरच गणित मांडावे लागले होते. तेव्हा या निर्णयाचे स्वागत करणे समाजवादी विचाराच्या लोकांना जड जाऊ नये. ही मागणी त्यांनीच पुनःपुन्हा केलेली आहे.

परंतु स्वागत करून थांबणे पुरेसे नाही. वैजापूरसारख्या तालुक्यातील एखाद्या गावात प्रगणक दारोदार जाईल, जात विचारील, उत्तर लिहून घेईल आणि पुढच्या दारी जाईल. त्या उत्तरांची बेरीज दिल्लीत होईल. बेरीज हाती आल्यावर जो तो आपल्या जातीचा आकडा उचलून वाटा मागू लागेल, आणि त्यात अस्वाभाविक असे काही नाही. खरा प्रश्न निराळा आहे. आकडा बोलत नसतो. त्याला बोलते करणारा सिद्धांत लागतो. जात म्हणजे काय, ती कशी टिकते, तिचा जमिनीशी, पाण्याशी, श्रमाशी आणि स्त्रीच्या जिण्याशी काय संबंध आहे, याविषयी निश्चित विचार नसेल, तर शंभर वर्षांनी हाती येणारी ही माहिती केवळ सौदेबाजीचे साधन होऊन बसेल. असा विचार महाराष्ट्रात दीडशे वर्षांपासून घडत आला आहे. त्याची जाण मात्र विद्यापीठांनी अपुरी ठेवली आणि समाजवादी चळवळीनेही पुरेशी ठेवली नाही. ती आता नव्याने करून घेणे अगत्याचे आहे.

दोन तीरांवरची दप्तरे

वैजापूर तालुका छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांना लागून आहे. त्याच्या दक्षिण कडेने गोदावरी वाहते. सप्टेंबर १९४८ पर्यंत ही नदी येथे दोन राज्यांची सरहद्द होती. उत्तर तीरावर निजामाचे हैदराबाद संस्थान आणि दक्षिण तीरावर इंग्रजांचा मुंबई इलाखा. दोन्ही तीरांवरची भाषा एक, शेतीची रीत एक, सोयरीकही नदी ओलांडून होत असे. वेगळी होती ती दप्तरे. एका तीरावरचा शेतकरी निजामाच्या कारकुनाने लिहिला आणि दुसऱ्या तीरावरचा इंग्रजांच्या कारकुनाने. एकाच कुळाच्या दोन शाखा दोन दप्तरांत दोन नावांनी नोंदल्या जाणे अशा परिस्थितीत मुळीच अशक्य नव्हते.

ही जुनी गोष्ट आज एकाएकी जिवंत झाली आहे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर निजामकालीन कागदपत्रांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमण्यात आली, आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने हैदराबाद गॅझेटिअरमधील नोंदींचा आधार घेण्याविषयीचा निर्णय काढला. मराठवाड्यातील शेतकऱ्यांची मुले आज पणजोबांच्या नावापुढे काय लिहिले होते याचा शोध घेत तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवीत आहेत. दुसऱ्या बाजूला, आपल्या ताटातले कमी होईल या भीतीने इतर मागासवर्गीय समाज अस्वस्थ आहेत. त्यांची भीती निराधार म्हणून उडवून लावता येणार नाही. सांख्यिकी माहिती नाही या कारणास्तव स्थानिक स्वराज्य संस्थांतील त्यांच्या जागा अडचणीत येऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ४ मार्च २०२१ च्या निकालाने महाराष्ट्राने अनुभवले आहे.

येथे समाजशास्त्राचा पहिला धडा उपयोगी पडतो. सरकारी नोंद ही समाजाचा नुसता आरसा नसते. ती समाज घडवीतही असते. १९०१ च्या खानेसुमारीत हर्बर्ट रिस्ली या अधिकाऱ्याने जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार उतरंड लावण्याचा घाट घातला, तेव्हा वरची पायरी मिळावी म्हणून जातिसभांचे अर्ज सरकारकडे येऊ लागले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक कुणबी कुटुंबे स्वतःस मराठा म्हणवू लागली, त्यामागेही प्रतिष्ठेची हीच आकांक्षा होती. आज तोच प्रवास उलट दिशेने चालू आहे. या उलट्या प्रवासाला लबाडी म्हणणे हा उथळपणा होईल. प्रतिष्ठेची शिडी आणि संधीचे दार ही दोन वेगळ्या ठिकाणी असली म्हणजे माणसे कधी शिडीकडे आणि कधी दाराकडे धावतात. ती का धावतात, हे सांगणे सिद्धांताचे काम आहे.

आगगाडी आली, जात राहिली

समाजाचे शास्त्र असू शकते ही कल्पना युरोपातली. ऑग्युस्त कोंत याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या शास्त्राला नाव दिले. औद्योगिक क्रांतीने आणि फ्रेंच राज्यक्रांतीने जुनी घडी मोडली होती, नवी घडी कशावर बसणार हा त्या पिढ्यांपुढचा प्रश्न होता. मार्क्सने उत्तर दिले ते उत्पादनसंबंधांचे आणि वर्गसंघर्षाचे. दुर्खीमने १८९३ साली श्रमविभागणीवरील ग्रंथात सांगितले की आधुनिक समाजात माणसे परस्परांपासून भिन्न असल्यामुळेच परस्परांवर अवलंबून राहतात आणि त्यातून नवी एकजूट निर्माण होते. वेबरने सत्ता, संपत्ती आणि प्रतिष्ठा या तीन गोष्टी वेगवेगळ्या तोलून पाहिल्या. हे तिघेही थोर होते, आणि त्यांच्यावाचून पुढचा विचार झाला नसता हे मान्यच केले पाहिजे. तथापि त्यांचे सिद्धांत भारतीय गावात आणून ठेवले की काय होते, हे पाहिल्याखेरीज त्यांची किंमत ठरत नाही.

१८५३ साली, म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली त्याच वर्षी, मार्क्सने भारतावरील एका लेखात अपेक्षा व्यक्त केली होती की रेल्वेमागून येणारे आधुनिक उद्योग जातीचा आधार असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढतील. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून हैदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग मराठवाड्यात आला आणि वैजापूरला रोटेगावचे स्थानक मिळाले. डब्यात शेजारी कोण बसला आहे हे विचारण्याची सोय राहिली नाही, हे खरे. पण माणसे गाडीतून उतरली आणि आपापल्या आळीत, आपापल्या पाणवठ्यावर परतली. मुंबईच्या गिरण्यांतही याहून निराळे घडले नाही. धागा तोंडाने ओला करावा लागतो या सबबीवर अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरू दिले जात नव्हते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा कामगार एकजुटीची भाषा बोलणाऱ्या पुढाऱ्यांची पंचाईत झाली. यंत्र आले, भांडवल आले, वर्गही उभा राहिला, पण जात त्या वर्गाच्या पोटात शिरून बसली.

मार्क्स चुकला असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. त्याचे गृहीतक अपुरे होते असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. जात केवळ धंद्याच्या वाटणीवर उभी असती, तर धंदे बदलताच ती कोसळली असती. ज्या अर्थी ती कोसळली नाही, त्या अर्थी तिचा आधार आणखी कशात तरी असला पाहिजे. तो कशात आहे, याचा शोध महाराष्ट्रातील माणसांनी घेतला.

विद्यापीठाबाहेरचे शास्त्र

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली निघाला, आणि पाठ्यपुस्तके भारतीय समाजशास्त्राचा इतिहास बहुधा तेथूनच सांगू लागतात. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर हा आरंभ फार उशिरा धरलेला आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना ती अर्पण केली. या अर्पणात एक सिद्धांत होता. दोन खंडांतील दोन दास्यांची तुलना करता येते आणि दास्याला विचारप्रणालीचा आधार लागतो, हा तो सिद्धांत. ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी कर्ज, सारा, कोर्टकचेरी, धर्मविधी आणि निरक्षरता या सर्वांची एक कार्यकारणसाखळी दाखविली. शेतकऱ्याचे दारिद्र्य हा त्याच्या आळसाचा परिणाम नसून एका रचनेचा परिणाम आहे, हे त्यांनी जितक्या स्पष्टपणे मांडले, तितक्या स्पष्टपणे त्या काळातील अर्थशास्त्र्यांनीही मांडलेले आढळत नाही. त्याच सुमारास, १८८२ साली, ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून घरातील सत्तेचा हिशेब मागितला.

त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली निघाला. महसूल खात्यातील नोकरीत गावे जवळून पाहिलेल्या या लेखकाने कुणबी, बलुतेदार आणि अलुतेदार यांच्या देण्याघेण्याचे जे वर्णन केले, त्याच्या तोडीचे वर्णन इंग्रजीतही दुर्मिळ आहे. भटक्या जमातींविषयीचे त्यांचे पूर्वग्रह आज खटकतात आणि खटकलेच पाहिजेत. तरीही गाव ही एक व्यवस्था आहे, तिच्यात प्रत्येक चाकाचा भार दुसऱ्यावर पडतो, ही दृष्टी मराठीत आली ती या पुस्तकाने.

त्याच काळात दोन मराठी तरुण अमेरिकेतील विद्यापीठांत जातीचा विचार करीत होते. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी कॉर्नेल विद्यापीठात असताना १९०९ साली जातिसंस्थेच्या इतिहासावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकणाऱ्या पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी मानववंशशास्त्राच्या एका परिसंवादात भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यांनी केतकरांसह आधीच्या अभ्यासकांची मते तपासली आणि आपला निष्कर्ष मांडला. जातीचे मर्म धंद्यात नाही, विटाळातही नाही. ते जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे. गोत्राबाहेर लग्न करण्याची जुनी चाल असलेल्या समाजावर जातीबाहेर लग्न न करण्याचा निर्बंध लादला, की स्त्रीपुरुषांची संख्या समतोल राखण्याचा पेच पडतो. पती मेलेली स्त्री आणि पत्नी मेलेला पुरुष यांचे काय करायचे? सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी त्या पेचातून जन्मल्या. आधी एका वर्गाने स्वतःभोवती कुंपण घातले, मग इतरांनी त्याचे अनुकरण केले, आणि ज्यांना बाहेर ठेवले ते आपोआप बंदिस्त झाले.

जातीचे रहस्य स्त्रीच्या जिण्यावरील नियंत्रणात आहे, हे या निबंधात शतकापूर्वी सांगितले गेले. योगायोग असा की १९१६-१७ या काळातच वेबरचा हिंदू आणि बौद्ध धर्मांवरील अभ्यास जर्मनीत प्रसिद्ध होत होता, आणि त्यानेही जातीला बंदिस्त प्रतिष्ठागट मानले. दोघांनी एकमेकांचे लिखाण पाहिलेले नव्हते. पुढे जगाने वेबरला सिद्धांतकार म्हटले आणि आंबेडकरांना पुढारी म्हटले. पुढारी तर ते होतेच, पण त्यांचे सिद्धांतकार असणे विद्यापीठांच्या नजरेतून निसटले.

१९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या न वाचल्या गेलेल्या भाषणात त्यांनी पुढचे पाऊल टाकले. जात ही श्रमाची वाटणी आहे असे तिचे समर्थक म्हणत. प्रत्यक्षात ती श्रमिकांचीच वाटणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली, हे त्यांनी दाखवून दिले. दुर्खीमला श्रमविभागणीतून एकजूट निघालेली दिसली होती. ती येथे का निघत नाही, याचे उत्तर या विवेचनात आहे. श्रेणीबद्ध विषमतेत अगदी तळाचा सोडला तर प्रत्येकाच्या पायाखाली कोणी तरी असतो, आणि वरच्याविरुद्ध उठण्यापेक्षा खालच्यावरचे वर्चस्व राखणे त्याला अधिक निकडीचे वाटते.

घुर्ये आणि त्यांची परंपरा

विद्यापीठातील समाजशास्त्राने काही केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. मालवणला जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजहून परतून १९२४ साली मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले आणि १९५९ पर्यंत त्यांनी एक संपूर्ण पिढी घडविली. १९३२ च्या ग्रंथात त्यांनी जातीची सहा लक्षणे सांगितली: समाजाचे तुकडे, उतरंड, रोटीव्यवहाराचे निर्बंध, हक्क व वंचितता यांची असमान वाटणी, धंदा निवडण्यावरील बंधन आणि बेटीबंदी. ही यादी आजही विद्यार्थी पाठ करतात. त्याच ग्रंथात त्यांनी खानेसुमारीतील जातनोंदीवर टीका केली. सरकारने जात मोजून जातिभावनेला खतपाणी घातले, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांच्या शिष्यांची नावे पाहिली म्हणजे या विभागाची थोरवी कळते. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातील नातेव्यवस्थांचा नकाशा सिद्ध केला आणि जात म्हणजे मुख्यतः एक विस्तारलेला नातेसमूह आहे, असे प्रतिपादन केले. १९५१ साली ‘मराठी लोकांची संस्कृती’ लिहून त्यांनी हे शास्त्र मराठी वाचकापर्यंत आणले. म. न. श्रीनिवास यांनी १९५२ साली संस्कृतीकरणाची संकल्पना मांडली आणि पुढे प्रभुत्वशाली जातीची. अ. र. देसाई यांनी १९४८ साली भारतीय राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी मार्क्सवादी दृष्टीने उलगडली. गुरू एका मताचा आणि शिष्य अगदी दुसऱ्या मताचा, तरी दोघे एका छपराखाली राहू शकले, ही त्या काळाची शोभा म्हटली पाहिजे.

तरीही एक उणीव डोळ्याआड करता येत नाही. संस्कृतीकरण म्हणजे खालच्या जातीने वरच्या जातीच्या चालीरीतींचे अनुकरण करणे. अनुकरणाचा हा विचार आंबेडकरांनी १९१६ साली मांडला होता. मुंबईच्याच शहरात वावरणाऱ्या, त्याच प्रश्नावर लिहिणाऱ्या आंबेडकरांशी या परंपरेने खऱ्या अर्थाने वाद घातला नाही. इरावतीबाईंचा नातेसमूह आणि आंबेडकरांचे विवाहबंधन या दोन कल्पना एकमेकींच्या किती जवळ होत्या! त्यांची गाठ पडली असती तर मराठी समाजशास्त्र पन्नास वर्षे पुढे गेले असते. ती पडली नाही याचे कारण बुद्धीच्या कमतरतेत शोधू नये. अभ्यास कोण करतो आणि अभ्यास कोणाचा होतो, याची वाटणीही जातीनेच ठरविली होती.

समाजवाद्यांची शिकवण आणि शिकायचे राहिलेले

समाजवादी चळवळीत हा पेच सर्वांत स्पष्ट ओळखला तो डॉ. राममनोहर लोहियांनी. १९५५ साली त्यांनी इतिहासचक्राचा विचार मांडला. वर्ग गोठला की जात होते आणि जात सैल झाली की वर्ग होतो, आणि समाज या दोहोंमध्ये झोके घेत असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यातून विशेष संधीचे तत्त्व निघाले. मागासांना साठ टक्के जागा द्या असे म्हणताना त्यांनी शूद्र, दलित, आदिवासी आणि अल्पसंख्याकांतील मागास यांच्याबरोबर सर्व जातींतील स्त्रियांना त्या मागासांत धरले, हे आज अनेकांच्या विस्मरणात गेले आहे.

मराठवाड्यात या विचाराची कसोटी १९७८ साली लागली. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. जाळणारे सगळे जमीनदार नव्हते. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी दलितांच्या शेजारी बसून खडी फोडली होती, अशी गरीब माणसेही त्या जमावांत होती. भूक एक असली की माणसे एक होतात, या भाबड्या समजुतीला बसलेला तो तडाखा होता. समाजवादी आणि युवक क्रांती दलाचे कार्यकर्ते नामांतराच्या बाजूने उभे राहिले, ही अभिमानाची गोष्ट आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. परंतु जे घडले ते का घडले, याचा सैद्धांतिक हिशेब चळवळीने पुरा केला नाही. तो करण्याचा नेटाचा प्रयत्न शरद पाटलांनी केला. १९७८ साली त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि मार्क्स, फुले व आंबेडकर यांचा समन्वय साधू पाहणारे लेखन केले. त्यांच्या सर्व निष्कर्षांशी सहमत होण्याचे कारण नाही. मात्र जात आणि वर्ग यांचा विचार एकाच चौकटीत केला पाहिजे, हा त्यांचा आग्रह समाजवाद्यांनी केव्हाच आपला म्हणायला हवा होता.

केवळ माणसे मोजू नका

आता पुन्हा येऊ घातलेल्या जनगणनेकडे वळावे. जात मोजल्याने जात पक्की होते, हा घुर्ये यांचा आक्षेप आजही अनेक सुशिक्षित लोक घेतात. त्यात तथ्याचा अंश आहे, रिस्लीचा अनुभव त्याला साक्षी आहे. पण १९३१ नंतर सगळ्या जाती मोजल्या गेल्या नाहीत, म्हणून जात क्षीण झाली काय? २०११-१२ च्या इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे या देशव्यापी पाहणीत आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्केच आढळले. न मोजल्याने जात झाकली गेली, ओसरली नाही. न मोजण्याचा लाभ ज्यांच्याकडे आधीच खूप आहे त्यांनाच होतो, कारण त्यांच्या वाट्याचा हिशेब कोणी विचारू शकत नाही.

उलट बाजूला, संख्या कळली की न्याय झाला, ही समजूतही तितकीच फसवी आहे. आंबेडकरांनी शिकविले ते हे की जात हा माणसांचा गठ्ठा नसून माणसांमधला संबंध आहे. गठ्ठे मोजून संबंध कळत नाही. महाराष्ट्रातील शेतीचेच उदाहरण घ्यावे. कृषिगणनेप्रमाणे १९७०-७१ साली राज्यात सुमारे ४९.५ लाख वहितीधारक होते आणि सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ साली वहितीधारक सुमारे १ कोटी ५३ लाख झाले आणि सरासरी धारणा १.३४ हेक्टरवर आली. मराठा समाजाच्या आजच्या अस्वस्थतेचे एक मोठे कारण या दोन आकड्यांत आहे. गावावर प्रभुत्व असलेल्या जातीतील बहुसंख्य कुटुंबे हातातून जमीन निसटताना पाहत आहेत, आणि साखर कारखाने, बाजार समित्या व शिक्षणसंस्था ताब्यात असलेली त्याच जातीतील मोजकी घराणी मात्र भक्कम आहेत. आता याच कृषिगणनेतील सामाजिक गट पाहावेत: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, संस्था आणि इतर. या ‘इतर’ रकान्यात कारखान्याचा संचालक, दोन एकर कोरडवाहूचा मराठा शेतकरी, मेंढ्यांमागे फिरणारा धनगर आणि गुंठाभर जमिनीचा कुंभार एकत्र कोंबलेले आहेत. अशा रकान्यातून कोणता न्याय निघणार?

म्हणून जातीच्या आकड्याला इतर प्रश्नांची जोड दिली पाहिजे. वैजापूर तालुक्यापुरते पाहिले तरी ते प्रश्न समोर उभे राहतात. नांदूर मधमेश्वरच्या जलद कालव्याचे पाणी वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांसाठी आहे. त्याचा लाभ कोणत्या जातीच्या, किती धारणेच्या शेतापर्यंत पोहोचतो? १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली काढला. मराठवाड्यातील ज्या दलित कुटुंबांनी गायराने कसली, त्यांपैकी किती जणांच्या नावावर सातबारा झाला? खुरपणीची रोजंदारी करणाऱ्या बाया कोणत्या घरांतल्या आहेत, आणि त्यांच्या स्वतःच्या नावे जमीन किती आहे? मुलीने जातीबाहेर लग्न केले तर तिला गावात राहता येते काय? यांतील शेवटचा प्रश्न कोणत्याही सरकारी तक्त्यात असणार नाही, आणि आंबेडकरांच्या सिद्धांताप्रमाणे तोच जातीच्या मुळाशी भिडणारा आहे.

मराठा आणि इतर मागासवर्गीय यांना आज एकमेकांसमोर उभे करण्यात आले आहे. श्रेणीबद्ध विषमतेचा सिद्धांत ज्याला समजला, त्याला या सामन्यात नवे काही दिसणार नाही. वरच्या मजल्यावर खाजगी शिक्षणाचे व्यापार वाढतात, सरकारी नोकऱ्यांवर कंत्राटी भरतीची कुऱ्हाड पडते, शेतमालाचा भाव शेतकऱ्याच्या हाती राहत नाही, आणि खालच्या मजल्यावर उरलेल्या मूठभर जागांसाठी दोन उपेक्षित समाज भांडतात. या परिस्थितीत एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला दरडावणे हे समाजवादी राजकारण नव्हे. दोघांच्या विवंचनेचा उगम दाखविणे, आणि मागासपणाची कसोटी सर्वांना सारख्याच काटेकोरपणे लावण्याचा आग्रह धरणे, हे ते राजकारण होय.

तालुक्याच्या महाविद्यालयात

हे काम दिल्ली-मुंबईच्या संस्थांवर सोडून चालणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी आज महाविद्यालये आहेत आणि अनेक ठिकाणी त्यांत समाजशास्त्र शिकविले जाते. तेथे कोंत, दुर्खीम, वेबर यांची मते टिपणांतून पाठ केली जातात, घुर्ये यांची सहा लक्षणे परीक्षेत उतरविली जातात, आणि फुले-आंबेडकर ‘समाजसुधारक’ या सदरात दोन पानांत उरकले जातात. विद्यार्थी मात्र ज्या गावातून येतो, ते गाव त्याच्या पाठ्यपुस्तकात कोठेच नसते. सिद्धांत परक्यांचा आणि अनुभव आपला, अशी ही फाळणी आहे. तिच्यामुळे विषय निर्जीव होतो आणि विद्यार्थ्याला स्वतःचे जिणे शास्त्राच्या योग्यतेचे वाटत नाही.

याला उपाय आहे, आणि तो खर्चिक नाही. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली जमिनीचे तुकडे आणि कर्ज यांचे चित्र उभे केले. घुर्ये यांनी १९६० साली लोणीकंद गावाचा सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पाहणीशी ताडून अभ्यास प्रसिद्ध केला. इरावती कर्वे आणि य. भा. दामले यांनी १९६३ साली गावातील गटसंबंधांचा अभ्यास पुढे आणला. अशा पाहण्यांची परंपरा महाराष्ट्रात असताना प्रत्येक तालुक्यातील महाविद्यालयाने दरवर्षी एका गावाची पाहणी का करू नये? जमीन, पाणी, मजुरी, स्थलांतर, शिक्षण आणि विवाह या सहा बाबींची माहिती जातवार आणि स्त्री-पुरुषवार घ्यावी, व्यक्तीचे नाव उघड करू नये, अहवाल मराठीत लिहावा आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. जनगणनेचे आकडे जेव्हा येतील, तेव्हा त्यांच्याशी ताडून पाहायला लोकांच्या हाती स्वतःची माहिती असेल. आकड्यांत लबाडी झाली तर ती पकडता येईल, आणि आकडे खरे असले तर त्यांचा अर्थ लावता येईल.

या कामात पक्षकार्यकर्त्यांनाही वाटा उचलावा लागेल. समाजवादी शिबिरांत एके काळी अर्थशास्त्र आणि इतिहास यांचे वर्ग भरत. ते पुन्हा सुरू करावेत आणि त्यांत आंबेडकरांचा १९१६ चा निबंध, फुल्यांचा ‘असूड’ आणि लोहियांचे इतिहासचक्र हे ग्रंथ मार्क्सच्या बरोबरीने, तितक्याच चिकित्सेने शिकवावेत. पूजा बांधण्यासाठी नव्हे, तपासून घेण्यासाठी. त्यांतील जे वैजापूरच्या शिवारात खरे ठरेल ते स्वीकारावे आणि जे ठरणार नाही ते दुरुस्त करावे.

१९३१ नंतरची पहिली जातगणना पुन्हा पुन्हा वाट्याला येणार नाही. ती सत्ताधाऱ्यांच्या सोयीने वाचली जाणार की शोषितांच्या बाजूने, हे प्रगणकाच्या तक्त्यावर ठरणार नाही. ते ठरेल तो तक्ता हाती घेऊन गावोगाव प्रश्न विचारणारे शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते किती तयार झाले आहेत यावर. त्या तयारीला आजपासूनच लागले पाहिजे.